चंचीतली चांदी

आक्का, चंचीत तंबाखू आहे, चुन्याची डबी आहे, आणि तो चांदीचा तुकडा अजून तिथंच आहे. काल तुझं तेरावं झालं.

जेवणं उरकल्यावर गावच्या मंडळाची माणसं म्हणाली, आबा, आक्कांवर चार ओळी द्या, अंकात छापू. लेक म्हणाला, तुम्ही सांगा, मी मोबाईलवर लिहून घेतो. मी म्हणालो, मला हात आहेत. तिसरीपर्यंत शाळा झाली माझी, तीही तू मानगूट धरून नेऊन बसवायचीस म्हणून. आई नव्हती, तूच होतीस. मला आत ढकलायचीस आणि मी पळू नये म्हणून शेणाच्या हातांनी बाहेर पायरीवर उभी राहायचीस. आत तू एकदाही बसली नाहीस. म्हणून हे मीच लिहिणार. अक्षर वाकडं आहे. सून वैशाली म्हणते, लागतंय वाचायला.

मायाळू होती, कष्टाळू होती, असं सगळेच लिहितात. तू मायाळू नव्हतीस. तुझं तोंड सुरू झालं की गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून पलीकडं जायची. गल्लीत मी आबा, बाजारात मी मुकादम, आणि तुला मात्र मी सत्तरी ओलांडल्यावरही म्हाद्या. पाव्हणे बसलेले असले तरी म्हाद्या. मला राग यायचा. आता तसं म्हणणारं कुणी उरलं नाही, आणि तू गेल्यापासून कान तिकडंच लागलेत.

दाजी गेले तेव्हा तू एक पत्र्याची पेटी घेऊन साताऱ्याकडून इथं कोपरखैरण्याला आलीस. एका खोलीत आम्ही नवरा-बायको, लेक आणि तू. तिसऱ्या दिवशी माझ्या बायकोला म्हणालीस, "बसून खायाला मी पाव्हणी न्हाय," आणि माझ्या मागोमाग कांद्याच्या बाजारात आलीस. मी हूक अडकवून पाठीवर गोण्या वाहायचो. तू बायकांच्या रांगेत बसून कांदा निवडायचीस. नरम तो बाजूला, घट्ट तो गोणीत. बोटांनी दाबायचीही गरज नव्हती तुला, नुसता हातात आला की कळायचं. व्यापारी तुझा ढीग बघून दुसऱ्या बायकांना बोलायचे, आणि त्या बायका तुला शिव्या द्यायच्या. तू त्यांच्याच डब्यातला खर्डा काढून खायचीस.

त्या रांगेत बसायचं म्हणजे सकाळी बसायचं ते दुपार कलल्यावरच उठायचं. बायकांना संडास एकच, तोही पार टोकाला. मधे ट्रकांची गर्दी, आणि दाराला कडी नाही. म्हणून बायका पाणीच प्यायच्या नाहीत. तुझा तांब्या सकाळी भरलेला असायचा तसाच परत यायचा. मी एकदा म्हणालो, पाणी पी की. तू म्हणालीस, "पिऊन जाऊ कुटं? तू ऱ्हातोस का दाराला उभा?" आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही हसलो आणि गोण उचलून निघून गेलो.

आक्का, गोणीचं वजन वाढवलं तर आम्ही गडी काम बंद पाडायचो. कुणी हमालाला अरे-तुरे केलं तरी बंद पाडायचो. मी स्वतः पुढं असायचो. त्या दाराच्या कडीसाठी आम्ही कधीच काम बंद पाडलं नाही. कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मला हे आता सुचतंय, तू गेल्यावर.

मग तुझं दुखणं सुरू झालं. लघवीला जळजळ होते, त्याला आपल्यात उन्हाळी लागली म्हणतात. तू मला कशी सांगणार? भावाला कुठली बहीण सांगते? तू माझ्या बायकोला सांगितलंस, बायकोनं मला सांगितलं, मी मान खाली घालून ऐकलं. नाक्यावरच्या तेव्हाच्या डाक्टरनं पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी तू उठलीस, तिसऱ्या दिवशी रांगेत जाऊन बसलीस. मी म्हणालो, आता गोळ्या बंद कर. माल उतरला की हूक खाली ठेवायचा, रिकामा हूक खांद्यावर घेऊन कोण हिंडतं? हे माझं बोलणं मलाच इतकं आवडलं की पुढं मी ते सगळ्या गल्लीला ऐकवलं.

उरलेल्या गोळ्या मी बामच्या डबीत ठेवल्या. पुढच्या वेळी त्याच दिल्या. त्या संपल्या तेव्हा पाकिटाचा नाव छापलेला चांदीसारखा तुकडा कातरून चंचीत ठेवला. मला इंग्रजी येत नाही, पण चांदी दाखवली की मेडिकलवाला तीच गोळी देतो. दोन माग, दोन देतो. चार माग, चार देतो. डाक्टरकडं जाऊन रांग लावा, नको ते सांगा, हे सगळं वाचलं. मला वाटलं, मी हुशार आहे.

पुढं बायको गेली, आणि तुझं दुखणं मला सांगणारं मधलं माणूस गेलं. तेव्हा तू एक रीत काढलीस. खिळ्याला टांगलेल्या माझ्या चंचीतून तू ती चांदी काढायचीस आणि सकाळी माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवायचीस. ना तू काही बोलायचीस, ना मी. चहा पिऊन मी चांदी उचलायचो, मेडिकलमधून गोळ्या आणायचो आणि तुझ्या पाण्याच्या तांब्यावर ठेवायचो. एवढंच. भावा-बहिणीची लाज राहिली आणि कामही झालं. इतकी वर्षं हे चाललं आणि त्यात मी तुला एकदाही विचारलं नाही की आक्का, कुठं दुखतंय, किती दुखतंय.

एकदा तू विचारलं होतंस. मला जागासुद्धा आठवते. ओट्यावर बसून तू लसूण सोलत होतीस, मी पेपरातली चित्रं बघत होतो. तू वर न बघता म्हणालीस, "म्हादू, एकदा डाक्टरीणबाईला दावू का रं?" म्हाद्या नाही म्हणालीस, म्हादू म्हणालीस. मी म्हणालो, "कशाला? आपल्याकडं हाय की." तू पुढची कुडी सोलायला घेतलीस. परत कधी विचारलं नाहीस. उभ्या आयुष्यात तू कुणाचं ऐकलं नाहीस, आणि नेमकं तेवढं माझं ऐकलंस.

गल्लीतल्या बायकांना कळलं होतं. आबांची चांदी म्हणून ती घराघरांत जाऊन यायची. कुणाची तरी सून यायची, हळूच वैशालीला सांगायची, वैशाली तोंड वाकडं करून मला सांगायची, आणि मी चंची सोडायचो. मला बरं वाटायचं. गुडघे गेले, हूक सुटला, मुकादमकी गेली, तरी गल्लीला माझ्याकडं यावं लागत होतं.

वैशालीशी माझं त्यावरून किती वाजलं ते तू ऐकलं आहेस. ती कुठल्याशा ऑफिसात बसते, चार माणसांत वावरते. म्हणायची, "आबा, तुमी एकदा आत्यांची लघवी तपासून घ्या ना. दोन गोळ्यांवर बरं व्हायचं, आता सहावर पण होत नाही. काहीतरी आहे." मी म्हणायचो, कंपनीवाले हल्ली भेसळ करतात. ती म्हणायची, मग दुसरी गोळी डॉक्टरला विचारून घेऊ. मी म्हणायचो, माझ्या बहिणीचं मी बघतो. तू आत भाकऱ्या थापत असायचीस. तवा जोरात आपटायचीस, पण कुणाच्या बाजूनं आपटलास ते कधी कळू दिलं नाहीस. हे भांडण अर्धंच राहिलं. आता जिंकून काय करू?

शेवटच्या वेळीही चांदी कपाशेजारी होती. मी चार गोळ्या आणल्या. तिसऱ्या दिवशी तुला थंडी वाजून ताप भरला, कमरेच्या वर हात लावू देईनास, आणि मला बघून म्हणालीस, "दादा, वैरण टाकली का?" तू मला आपला बाप समजलीस. वैशालीनं मला काही विचारलं नाही. रिक्षा बोलावली.

आक्का, पुढचं मी मंडळाच्या अंकासाठी लिहीत नाही, तुझ्यासाठी लिहितोय. त्यांना छापायचं तर छापू देत.

हॉस्पिटलातली डाक्टरीण म्हणजे पोरगीच. डोळे झोपेनं तांबारलेले, बोलणं तुटक. वैशाली खिडकीवर केसपेपर काढायला गेली होती. त्या पोरीनं मला विचारलं, "आजी याआधी घरी काही गोळ्या घेत होत्या का? नीट आठवून सांगा, त्यावर इंजेक्शन ठरतं." चंची माझ्या कमरेला होती. आजूबाजूला लोक होते. ती पोरगी नातीच्या वयाची, आणि तिच्यापुढं मी सांगायचं की मला इंग्रजी वाचता येत नाही, मी चांदी दाखवून गोळ्या आणतो? मी म्हणालो, "न्हाय. आमच्या घरात गोळी नसते." तिनं तसंच लिहून घेतलं.

मग नर्सनं तुझ्या लघवीची बाटली माझ्यासमोर धरली. म्हणाली, बाबा, कॉरिडॉरच्या टोकाला लॅब आहे, देऊन या. मी हात पुढं केला नाही. म्हणालो, सून येईल, ती नेईल. बहिणीची लघवी हातात घेऊन पुरुषानं चालायचं, हे माझ्यानं होईना. ती बाटली स्टुलावर तशीच होती, वैशाली येईपर्यंत.

तिसऱ्या दिवशी तपासणीचा कागद आला. त्या पोरीनं वैशालीला बोट ठेवून दाखवलं. एवढी औषधं, त्यातली जवळजवळ सगळी या जंतूवर चालत नाहीत. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आजोबा, हे बऱ्याचदा गोळ्या अर्धवट घेतल्यावर होतं. आता तरी सांगा." मी चंची सोडली आणि चांदी टेबलावर ठेवली. तिनं ती उजेडाकडं धरून वाचली. रागावली नाही. रागावली असती तर मी भांडलो असतो.

"किती वर्षं?" म्हणाली.

"लई," म्हणालो.

तिनं त्याच वेळी इंजेक्शन बदललं. पण तोवर जंतू रक्तात उतरले होते, मूत्रपिंडं थकली होती. मी तिला बाजूला गाठून विचारलं, मी पहिल्या दिवशी खरं बोललो असतो तर? ती म्हणाली, "कदाचित पहिल्या दिवसापासूनच हे इंजेक्शन दिलं असतं. त्यानं वाचल्या असत्या का, ते मला सांगता येत नाही." तिला खोटं बोलता आलं असतं. बोलली नाही. माझ्यापेक्षा बरी.

मला समजेना म्हणून तिनं परत सांगितलं. गोळीनं आधी कच्चे जंतू मरतात. चिवट असतात ते मागं राहतात. गोळी मधेच थांबवली, परत घेतली, परत थांबवली, की शेवटी सगळे चिवटच उरतात. आक्का, हे मला लगेच कळलं. तू उभा जन्म हेच केलंस की. नरम तो बाजूला काढायचा, घट्ट तो ठेवायचा, कारण घट्ट टिकतो. तू कांदा निवडलास, आणि मी तुझ्या अंगात जंतू निवडत बसलो. चांगला माल निघाला माझा.

त्यानंतर वैशाली दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते हे सांगायला, की आत्या गेल्या.

इथवर लिहून वही मिटली होती, आणि संगीता आली. तिसऱ्या घरातली, तुझ्याच रांगेत कांदा निवडते. तेराव्याला तिनंच पत्रावळी उचलल्या होत्या. ती स्वयंपाकघरात वैशालीच्या कानाशी लागली. मला कळलं. गेल्या वर्षीही ती दोनदा चांदी घेऊन गेली होती.

वैशाली बाहेर आली आणि माझ्यासमोर नुसती उभी राहिली. नेहमी तोंड वाकडं करायची, आज तेही नाही. चांदी हरवली, एवढं बोललो असतो तरी निभावलं असतं. तोंडापर्यंत आलं होतं. एक खोटं पचलं की दुसरं सोपं वाटतं.

मी हाक मारली, "संगीता, बाहेर ये. बस."

"काय न्हाय आबा, वैनीकडं आले होते."

"उन्हाळी लागलीय?"

तिनं पदर तोंडाला लावला. मी गल्लीतल्या बाईला तोंडावर असं विचारलं, आणि माझी जीभ काही झडली नाही. मी म्हणालो, "आक्का त्यानंच गेली. मी गोळ्या अर्ध्या-मुर्ध्या देत गेलो. आणि डाक्टरनं इचारलं तवा खोटं बोललो. चांदी आता कुणालाच मिळायची न्हाय."

ती रडायला लागली. तुझ्यासाठी, का घाबरून, कोण जाणे. वैशाली आत गेली आणि माझ्यासाठी चहा घेऊन आली. मी मागितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वैशालीनं संगीताला नागरी आरोग्य केंद्रात नेऊन दाखवलं. तिथल्या डाक्टरीणबाईनं गोळी लिहून दिली, पण ती सुरू करण्याआधी सकाळची लघवी तपासायला मागितली. वैशाली ऑफिसला, संगीताचा नवरा बाजारात, आणि संगीता काही केल्या ती बाटली घेऊन रस्त्यानं चालायला तयार होईना. मी म्हणालो, आण इकडं. तिनं तीन पिशव्यांत गुंडाळून दिली. पाठीवर गोण घेऊन मी फळीवरून ट्रकात चढलोय, पाय कधी लटपटला नाही. ती बाटली मात्र दोन्ही हातांनी धरून निघालो. कोपऱ्यावर आमचा दत्तोबा बसलेला, माझ्याच टोळीतला. म्हणाला, "आबा, सकाळी सकाळी काय घेऊन निघालात? खरवस का?"

"मूत हाय," म्हणालो. "तपासायला चाललोय."

त्याचं हसू तोंडातच राहिलं. मी दोन पावलं पुढं गेलो तेव्हा मागून हळू आवाज आला, "ते केंद्र किती वाजता उघडतं?" त्याच्या घरीही चांदी दोन-तीनदा गेली होती.

रिपोर्ट आला. माझ्या चांदीवरची गोळी संगीतालाही चालत नव्हती. ते माझ्यामुळं, का सगळ्या बाजारामुळं, ते त्या बाईंनाही सांगता आलं नाही. त्यांनी गोळी बदलली, पाच दिवस, रोज दोनदा. दुसऱ्या दिवशी संगीता उठून कामाला निघाली आणि मला म्हणाली, "आबा, आता बरं हाय, माल उतरला." माझंच बोलणं. मी तिच्या दारात खुर्ची टाकून बसलो. पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ, ती गोळी गिळेपर्यंत आणि वर तांब्याभर पाणी पिईपर्यंत मी उठलो नाही. ती वैतागली. तिची सासू म्हणाली, म्हाताऱ्याला बहिणीचं दुःख झेपलं नाही. म्हणू दे. आणि दत्तोबाला मी बाजारात धाडलंय. बायकांच्या संडासाच्या त्या दाराला अजूनही कडी नाही म्हणे. आता आमचं कोण ऐकतं ते बघायचं.

काल तिची शेवटची गोळी झाली. मी उठणार तेवढ्यात बघतो तर ती रिकाम्या पाकिटाचं नाव कातरून देवाच्या फळीवर, हळदीच्या डबीखाली ठेवत होती. चटकन हात मागं घेतला तिनं. मी तळवा पुढं केला. तिनं तुकडा त्यावर ठेवला.

तो मी नाल्यात टाकला. तुझा टाकवेना. वैशाली म्हणते, आबा, कचरागाडीत द्या. तिला कसं सांगू? इतक्या वर्षांत तू माझ्याशी दुखण्याचं जे काही बोललीस ते सगळं त्या तुकड्यावर आहे. मग मी चुन्याच्या डबीची कड घेऊन बसलो आणि त्याच्यावरचं नाव खरवडून काढलं. मला ते कधी वाचता आलं नव्हतं. आता मेडिकलवाल्यालाही येणार नाही.

आज सकाळी वैशालीनं चहा ठेवला. मी तो कोरा तुकडा कपाशेजारी ठेवला, तू ठेवायचीस तसाच, आणि समोरच्या रिकाम्या पाटाकडं बघून म्हणालो, आक्का, कुठं दुखतंय गं?

वैशाली दारात उभी होती. तिनं ऐकलं. चहा निवेपर्यंत ती तिथंच होती, मीही.